बारा इंचांचं स्थैर्य

धनुष्याला एक साधा दांडा बसवायचा, यात माझा अख्खा हंगाम जाईल आणि दुसऱ्या माणसाचं कधी भरून न येणारं नुकसान होईल, असं कुणी आधी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. सांगणारे तसे पुष्कळ होते. आमच्या गावात सल्ला द्यायला कुणी लाजत नाही. त्यांनी मला बाकी सगळं सांगितलं, तेवढं एक सोडून.

सुरुवात झाली माझ्या शर्टापासून. माझे सासरे आर्विड टॉलेफसन यांचं गावाबाहेर चाळीस एकर रान आहे आणि त्यात एक लाकडी केबिन. त्या केबिनचा नियम असा की हरणावर बाण सोडला आणि नेम चुकला, तर त्या माणसाच्या शर्टाचं मागचं टोक कात्रीने कापायचं, त्यावर नाव घालायचं आणि शेगडीमागच्या भिंतीवर खिळ्याने ठोकायचं. पुढे कधी त्याला हरीण मिळालं की तुकडा उतरवायचा. भिंतीवर मार्लिसच्या काका-मामांचे तुकडे आहेत, त्यातले काही मालक आता चर्चमागच्या मातीत झोपलेत. खुद्द मार्लिसचाही, म्हणजे माझ्या बायकोचा, एक तुकडा होता. तिने पुढच्याच वर्षी हरीण मारलं, तुकडा उतरवला आणि पुन्हा त्याच शर्टाला शिवून टाकला. आर्विडचा मात्र त्या भिंतीवर उभ्या आयुष्यात एकही तुकडा लागलेला नाही.

माझा गेल्या वर्षी लागला. शर्ट नवा होता, नाताळात माझ्या आईने दिलेला. कात्री आर्विडनीच चालवली, आणि कापून झाल्यावर तुकडा उजेडात धरून म्हणाले, "कापड चांगलं आहे." एवढंच. ते नॉर्वेजियन वळणाचे. फार आनंद झाला तर "वाईट नाही" म्हणतात, त्यापुढे त्यांची भाषाच नाही.

मी वर्षभर विचार केला. हरीण समोर, अंतर बेताचं, वारा नाही. मग चुकलं कसं? हात थरथरला म्हणून. आणि हात का थरथरला? तर धनुष्य हलकं, पुढे वजन नाही, म्हणून. आपल्या हाताला दोष दिला तर करण्यासारखं काही उरत नाही. धनुष्याला दिला तर निदान दुकानात जाता येतं. तेव्हा स्टॅबिलायझर घ्यायचा असं ठरलं. हा एक दांडा असतो, धनुष्याच्या पोटाला पुढच्या बाजूने स्क्रूने बसवायचा, टोकाला वजनाच्या चकत्या. त्यामुळे धनुष्य हलत नाही आणि बाण सुटताना हाताला बसणारा हिसका तो दांडा खातो. वस्तू एवढीच.

आता मी माणूस कसा, तेही सांगायला हवं. मी काउंटीच्या कचेरीत बांधकामाचे परवाने तपासतो. कुणाची शेड शेजाऱ्याच्या हद्दीकडे सहा इंच सरकली तर अर्ज परत. लोक म्हणतात, मिल्ट प्रोख्नाव टेप घेऊनच जन्माला आला. ते टोमणा म्हणून म्हणतात, पण मला तो कधी तसा लागला नाही. असा माणूस दांडा घ्यायला निघाला की आधी त्याचा अभ्यास करणार हे उघड आहे.

आणि यंदा अभ्यासाला वेळ नव्हता, हीच तर गोष्ट आहे. आर्विडचा उजवा खांदा पार झिजला आहे. नोव्हेंबरात शस्त्रक्रिया ठरलेली होती आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की त्यानंतर धनुष्य विसरा. रानाची देखभालही आता होत नाही, म्हणून वसंतात तेही विकायचं ठरलं होतं. म्हणजे हा त्यांचा शेवटचा हंगाम. त्यात गेल्या हिवाळ्यात ते मचाणाच्या शिडीवरून घसरले होते. पडले बर्फात, लागलं काही नाही, पण मार्लिसने त्यांना समोर बसवून वदवून घेतलं की मिल्ट बरोबर असेल तरच वर चढायचं. आर्विडनी शब्द दिला. ते शब्द पाळणारे आहेत, हाच त्यांच्या बाबतीतला मोठा घोटाळा. त्यांचा सगळा हंगाम माझ्या शनिवारांवर अवलंबून राहिला. हे मला तेव्हाही कळत होतं. मला वाटलं, शनिवार पुष्कळ आहेत.

दुकानात कर्ट नावाचा गृहस्थ आहे. त्याच्याकडे भिंतभर दांडे टांगलेले: सहा इंची, आठ इंची, दहा, बारा, आणि स्पर्धावाल्यांचे तर मासे धरायच्या गळाच्या काठीएवढे लांब. मी विचारलं, कुठला घेऊ? तो म्हणाला, तुम्हाला कुठला आवडतो? मी म्हटलं, आठ इंची बरा वाटतो. म्हणाला, उत्तम निवड. मी म्हटलं, पण बारा इंची जास्त स्थिर राहील ना? म्हणाला, तीच खरी उत्तम निवड. मी सहावर बोट ठेवलं तेव्हा तो इतका खूश झाला की मी काही न घेता बाहेर पडलो.

घरी आलो तर शेजारचा रॉली विसोत्स्की कुंपणावर कोपरं टेकून उभाच होता. रॉलीच्या मालकीची एक मोटरबोट आहे आणि प्रत्येक विषयावर एक मत आहे, दोन्ही तो वर्षभर अंगणातच ठेवतो. "मिल्ट, लांब घे," तो म्हणाला. "लांबीला पर्याय नाही. दोरीवरून चालणारा माणूस हातात काय धरतो? लांब काठी. टूथपिक धरतो का?" शुक्रवारी संध्याकाळी मार्लिस आणि मी हॉटेलात मासळी खायला गेलो तर तिथेही तोच विषय. वाढणारी बाई ताटं ठेवता ठेवता म्हणाली की तिचा नवरा कार्बनचा वापरतो. कोपऱ्यातल्या टेबलावरचा एक अनोळखी म्हातारा ताटातला कॉड मासा सोडून उठून आला आणि म्हणाला, ॲल्युमिनियम. पास्टरसाहेब म्हणाले की मनच स्थिर असेल तर, आणि मग बिअर आली म्हणून ते वाक्य तसंच राहिलं. मार्लिस शांतपणे मासा खात होती. घरी येताना गाडीत म्हणाली, "डॅडचा फोन आला होता. उद्या येतोस का विचारत होते."

मी आर्विडना फोन केला. सांगितलं की दांडा एकदा ठरू दे, लगेच येतो, अर्धवट तयारीने यायला नको. ते म्हणाले, "बरं. घाई नाही." त्यांच्या आवाजात घाई नव्हतीच. ती कधीच नसते, म्हणून तर माणूस फसतो.

शेवटी मी बारा इंची मागवला, तोही दुकानातून नाही, कारण कर्टपुढे पुन्हा उभं राहायची माझी हिंमत नव्हती. पार्सल कचेरीच्या पत्त्यावर मागवलं, घरी रॉलीने आधी उघडून बघितलं असतं म्हणून. आमच्या कचेरीच्या दारात तपासणीचं यंत्र आहे आणि यंत्रामागे जॅनेल नावाची शेरीफची डेप्युटी, म्हणजे पोलीस. तिने पार्सल यंत्रातून सरकवलं, थांबवलं, पुन्हा सरकवलं आणि मला खाली बोलावलं. काळा दांडा, टोकाला लोखंड. मी सांगितलं, धनुष्याचा भाग आहे. हे मी सांगायला नको होतं. धनुष्य हे हत्यार, म्हणून त्याचा भाग हा हत्याराचा भाग, आणि इमारतीत हत्यार आणायला बंदी. मी म्हटलं, मग मला द्या, मी गाडीत ठेवतो. ती म्हणाली, एकदा इमारतीत आलेली वस्तू शेरीफच्या सहीशिवाय बाहेर जात नाही.

वसंतात मी जॅनेलच्या पोर्चचा अर्ज परत पाठवला होता. पायऱ्या सहा इंच पुढे येत होत्या. तिने तो विषय अजिबात काढला नाही. फक्त नियम मोठ्याने वाचून दाखवला, सावकाश, आणि मध्ये दोनदा चष्मा पुसला. मी वर जाऊन शेरीफच्या खोलीत चौकशी केली तर ते रजेवर. कुठे गेलेत? हरणाच्या शिकारीला. धनुष्य घेऊन. कधी येतील? हरीण मिळालं की.

शेरीफना हरीण लवकर मिळालं नाही. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. आर्विडनी पुन्हा फोन केला. ओक झाडांची फळं पडायला लागलीत म्हणाले, हरणं त्याखाली येतात. मग "नुसतं बसायला आलास तरी चालेल," म्हणाले. मी त्यांना पार्सलची हकीकत सविस्तर सांगितली, कलमांसकट. त्यांनी सगळी ऐकून घेतली. कुणाचंही बोलणं पूर्ण ऐकून घेण्याची त्यांना वाईट खोड आहे.

दांडा सुटला त्या दिवशी मी तो कपड्यात गुंडाळून घरी आणला आणि परसात सरावाच्या फोमच्या हरणासमोर उभा राहिलो. रॉली कुंपणावर होताच. दोरी ताणली, धनुष्य खरंच हललं नाही, मला भरून आलं. मग पुढच्या वजनाने धनुष्याचं नाक हळूहळू खाली गेलं, ते माझ्या लक्षात येईपर्यंत बाण सुटला होता. तो फोमच्या पोटाखालून गेला, कुंपणाच्या फटीतून गेला आणि रॉलीच्या बोटीच्या सीटमध्ये पिसांपर्यंत रुतला. रॉलीने शांतपणे ताडपत्री उचलून पाहिलं. मला वाटलं, आता हा रागावणार. तो म्हणाला, "मागे वजन हवं. पुढे बारा म्हणजे मागे सहा तरी हवं. मी आधी बोलणारच होतो."

मागचं वजन आलं. ते आल्यावर धनुष्य एका अंगाला कलायला लागलं, म्हणून आडवा दांडा आला. मग निशाण्याची खूण सरकवावी लागली. मग धनुष्य पेटीत मावेना, म्हणून पेटी नवी आली, आणि ती गाडीच्या डिकीत मावेना. एवढं वजन पेलायला हातात जोर हवा, म्हणून मी दुधाचा भरलेला कॅन सरळ हातात धरून स्वयंपाकघरात उभा राहू लागलो. मार्लिसला चहात दूध हवं असलं की ती कप घेऊन माझ्यापाशी यायची, मी तसाच वाकून ओतायचो. एकदा ओतता ओतता तिने विचारलं, "मिल्ट, तू डॅडना घेऊन कधी जाणार आहेस?" मी म्हटलं, एवढं संतुलन जमलं की. ती कप घेऊन गेली.  भांडली असती तर बरं झालं असतं.

त्याच सुमाराला आर्विडनी आणखी एकदा फोन केला होता. मचाण दोघांना बसायचं आहे, पुढे बसणाऱ्याच्या छातीएवढ्या उंचीला लोखंडी कठडा. त्याला गुंडाळलेला रबर खारींनी कुरतडून खाल्ला होता. ते म्हणाले, "जुन्या गालिच्याची एक पट्टी आहे माझ्याकडे. गुंडाळायला वर चढावं लागेल. येतोस का?" मी म्हटलं, पुढच्या वेळी नक्की, आज आडवा दांडा बसवतोय. ते म्हणाले, "बरं." एकटे चढून दहा मिनिटांत गुंडाळून आले असते ते, आणि आम्हाला कुणाला कळलंही नसतं. पण शब्द दिलेला होता.

असे करत शस्त्रक्रियेच्या आधीचा शेवटचा शनिवार आला. त्या दुपारी आम्ही दोघं मचाणावर चढलो. मी खालून त्यांचा पाय एकेका पायरीवर ठेवत होतो. वर बसल्यावर त्यांनी बराच वेळ नुसतं रानाकडे बघितलं. देवदारांच्या दलदलीवर सौम्य ऊन होतं, पानं सगळी खाली. त्यांनी डब्यातून मार्लिसच्या बिस्किटांपैकी एक मला दिलं आणि म्हणाले, "वाईट नाही." मला इतकं बरं वाटलं की वाटलं, सगळं वेळेवरच झालं.

त्यांचं धनुष्य जुनं. त्याला काही म्हणजे काही लावलेलं नाही, दोरीचा आवाज होऊ नये म्हणून लोकरीच्या मोज्याचे दोन तुकडे बांधलेत, बस. त्यांनी मला हळूच सांगून ठेवलं, "मला एकदाच ताणता येतं. दुसऱ्यांदा खांदा उचलत नाही. तेव्हा मी बघून ताणीन." माझ्या धनुष्याकडे त्यांनी पाहिलं, पुढून, मागून, बाजूने. एवढंच विचारलं, "जड होत नाही?" मी म्हटलं, सवय होते.

ऊन उतरायला लागलं तेव्हा हरीण आलं. दलदलीच्या कडेने, आर्विडच्या बाजूने. मोठा नर, मान जाड, शिंगं भलीमोठी. तो ओकखाली आला, आडवा उभा राहिला आणि फळं खायला लागला. त्यांची बाजू, त्यांचं रान, त्यांचा बाण दोरीला लागलेला. ते ताणणार म्हणून मी हलायचंही थांबवलं. त्यांनी हरणाकडे पाहिलं, पुरेसं पाहिलं. मग धनुष्य मांडीवर खाली ठेवलं आणि दोन बोटांनी माझ्या गुडघ्यावर टकटक केली.

"तुझं," ते पुटपुटले.

मी मान हलवली. नको, तुम्ही. त्यांनी पुन्हा टकटक केली. हरीण काही आमचं सौजन्य संपेपर्यंत थांबणार नव्हतं. मी दोरी ताणली. खरं सांगतो, माझा हात इतका स्थिर आयुष्यात कधी नव्हता. मग मी धनुष्य त्यांच्या बाजूला, डावीकडे वळवायला लागलो, आणि बारा इंची दांड्याच्या टोकाचं लोखंड मचाणाच्या उघड्या कठड्यावर आदळलं.

रविवारी चर्चची घंटा आमच्या गावात जेवढी ऐकू जाते, त्यापेक्षा तो आवाज कमी नसावा. पांढरी शेपटी एकदा झुडपांवर दिसली, मग तीही नाही. ओकखाली पानं हलत राहिली. माझा बाण दोरीलाच होता. त्यांचाही.

परसात मी जमिनीवर उभा राहून सराव केला होता. बसल्या जागेपासून कठडा किती इंचांवर आहे, ते मी मोजलं नव्हतं. काउंटीतल्या प्रत्येक शेडचं माप माझ्याकडे आहे. दुकानात आधी आवडलेला आठ इंची दांडा तिथून आरामात फिरला असता, नुसता गालिचा गुंडाळलेला असता तरी आवाज झाला नसता, आणि मी गेले सगळे शनिवार तिथे नुसता बसलो असतो तर आर्विडनी केव्हाच आपलं हरीण मारून ते सॉसेजवाल्याकडे दिलं असतं. हे सगळं मला तिथे बसल्या बसल्या, अंधारून येईपर्यंत, एकामागून एक सुचत गेलं. मी सॉरी म्हटलं. ते म्हणाले, "मोठा होता." थोड्या वेळाने म्हणाले, "गेल्या साली एवढा नव्हता."

केबिनमध्ये आल्यावर मी पहिलं काम केलं ते शर्ट पँटमधून बाहेर काढून कात्री त्यांच्यापुढे धरायचं. त्यांनी कात्री घेतली नाही.

"बाण सुटला का?" त्यांनी विचारलं.

"नाही, पण..."

"मग नियम लागू होत नाही. तू परवान्यांचा माणूस, तुला कळायला हवं."

मी म्हटलं, आर्विड, कृपा करा, कापा, मला बरं वाटेल. त्यांनी शेगडीत लाकूड सरकवलं. मग माझ्याकडे पाठ केली आणि डाव्या हाताने आपल्या शर्टाचं मागचं टोक बाहेर ओढायला लागले. लाल-काळ्या चौकड्यांचा शर्ट, कोपरं विरलेली. उजवा हात मागे जात नव्हता, म्हणून ते अर्धवटच बाहेर आलं.

"काप," ते म्हणाले.

"तुमचा? तुम्ही तर बाणसुद्धा..."

"माझ्या बाजूला आलं होतं. बाण लावलेला होता, अंतर माझं होतं. मी ताणलं नाही. याला चुकणंच म्हणतात, मिल्ट. काप, पाठ गार पडतेय."

मी टोक हातात धरलं. तिथे तेवढ्या वेळात माझा हात परसातल्यापेक्षा, मचाणावरच्यापेक्षा, गेल्या वर्षीपेक्षाही जास्त थरथरला. तुकडा वाकडातिकडा निघाला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला, पण कापडाबद्दल काही म्हणाले नाहीत. नाव त्यांनी स्वतः डाव्या हाताने घातलं. भिंतीपाशी मी हातोडा आणि नवा खिळा घेऊन उभा राहिलो आणि विचारलं, कुठे लावू?

"तुझ्याच खिळ्यावर लाव," ते म्हणाले. "भिंतीला उगाच नवी भोकं कशाला. विकायचीय."

शस्त्रक्रिया नीट झाली. खांदा आता दुखत नाही, कपाटातला वरचा कप काढता येतो. केबिनसकट रान वसंतात विकलं गेलं. घेणारा माणूस शिकारी आहे, तरुण, चौकस. मी त्याला दांडा, आडवा दांडा, चकत्या, मोठी पेटी, सगळं फुकट देऊन टाकलं. त्याला फार आनंद झाला, म्हणाला, लांबच हवा होता मला. मी सल्ला म्हणून काही बोललो नाही, फक्त कठड्याला जुन्या गालिच्याची पट्टी गुंडाळून दिली. आर्विडनी ठेवली होती तीच. दहा मिनिटं लागली.

किल्ल्या देताना आर्विड गाडीतच बसून होते. मी आत जाऊन तो एक खिळा पकडीने उपटला आणि दोन्ही तुकड्यांसकट खिशात घातला. गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, काय आणलंस? मी दाखवलं. त्यांनी ते दोन तुकडे मांडीवर ठेवून हाताने सरळ केले.

मी म्हटलं, "तुम्ही घ्यायला हवं होतं ते हरीण, आर्विड."

"हो," ते म्हणाले. "मला हवं होतं."

मग त्यांनी तुकडे पुन्हा खिळ्यात ओवले, माझ्या हातात दिले, आणि गावापर्यंत आम्ही दोघंही रस्त्याच्या कडेला हरणं दिसतात का ते बघत आलो.